पाठमोरी

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात मुलं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत येतात. त्या दिवशी प्रवचन नसतं. मुलं स्तोत्रं म्हणतात आणि मधे मधे आम्ही गातो. अख्ख्या वावाऊ बेटावर याहून गोड दिवस नाही. पहिला सूर लावून गीत सुरू करण्याचं काम माझं.

त्या सकाळी माझी बारा वर्षांची सेलू दारात उभी राहिली. "बाबा, मी काळा झगा घालू?"

"काळा? कोण मेलंय?"

"पोट दुखतंय."

"स्तोत्र पाठ नसलं की दुखतंच ते."

तिची आई सहा महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलेली. घरात दुसरं विचारणार कोणाला? पोर मुकाट पांढरा झगा घालून आली.

तिचा नंबर आला. लोकांकडे तोंड करून तिनं स्तोत्र म्हटलं, एक शब्द चुकली नाही. प्रभूची कृपा म्हणत मी डोळे पुसले. आमच्याकडे रीत अशी की, म्हणून झालं की वळायचं आणि मागे उभ्या पाळकांना वाकून नमस्कार करायचा. सेलू वळेना.

"वळ," मी जागेवरून म्हणालो.

तिनं मान हलवली. लोक बघायला लागले. माझ्या पोरीनं पाळकांना पाठ दाखवावी?

"सेलू! वळ म्हणतो ना!"

ती वळली. पांढऱ्या झग्यावर मागे तळहाताएवढा लाल डाग होता.

कोणीतरी फिसकन हसलं. आणि मी? खरं सांगतो, पहिला विचार तिचा आलाच नाही. आता लोक मला काय म्हणतील, हा आला. मी घाईघाईनं गीत सुरू केलं, तेही चुकीच्या सुरात. माझी थोरली बहीण लेसिएली बायकांतून उठली, देवळात येताना आम्ही कमरेला गुंडाळतो ती विणलेली चटई सोडून तिनं सेलूला गुंडाळली आणि बाहेर नेली. मी गातच राहिलो.

घरी आलो तर ताई दारातच. "या गायकबुवा! सगळी कडवी झाली ना? एखादं राहिलं तर नाही?"

"मला काय माहीत, ताई?"

"पोट दुखतंय म्हणाली होती की नाही तुला?"

मी चपला काढल्या.

"जा आत. मी मधे पडणार नाही."

सेलू भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी उंबऱ्यातूनच म्हणालो, "संध्याकाळच्या उपासनेत मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो. गाऊन मागतो."

ती ताडकन उठून बसली. "परत सगळ्यांसमोर? बाबा, नको ना!"

तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या पश्चात्तापालासुद्धा ऐकणारी मंडळी हवी होती. मी खाली बसलो. इतक्या वर्षांत किती प्रार्थना बोललो असेन, पण आता एक शब्द सापडेना.

"चुकलो," शेवटी म्हणालो. "तू सांगत होतीस. मी ऐकलं नाही."

ती चटईची काडी उपसू लागली. मग म्हणाली, "आत्याकडे दोनच पॅड होते."

रविवार. सगळी दुकानं बंद.

"पाळकीणबाईंना चार मुली आहेत," मी म्हणालो. "मागून आणतो."

"तुम्ही?"

"मीच."

"हळू बोलाल?"

"हळूच बोलेन."

पाळकांच्या अंगणात पुरुषमंडळी जेवत होती. "ये रे, बस!" त्यांनी हाक मारली. मी मान खाली घालून मागच्या दाराशी गेलो. पाळकीणबाई भांडी घासत होत्या. मी मागितलं.

"काय? मोठ्यानं बोला की जरा!"

माझे कान तापले. मी दोन पावलं पुढे गेलो आणि तेच, तितक्याच हळू, पुन्हा मागितलं.