तोंड त्यांचं, आवाज मुंबईचा

आमच्या यांच्या आवाजाबद्दल अर्धापुरात एक गोष्ट सांगतात. श्रीमंतरावांना नांदेडला कुणाशी बोलायचं असलं तर फोन करावा लागत नाही, बांधावर उभं राहिलं की झालं. गोष्ट खोटी आहे, पण फार खोटी नाही. यांनी केळीच्या बागेतून हाक मारली की शाळेत माझ्या हातातला खडू थांबायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. पोरं मला बाई म्हणायची, म्हणून हेही बाई म्हणायचे. लग्नाच्या बायकोला! "ओ बाई!" अशी हाक आली की अख्खा वर्ग खिदळायचा आणि मी खिडकीतून डोळे वटारायचे. त्याचा यांच्यावर काडीचाही परिणाम व्हायचा नाही.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी हे गेले. झोपेतच गेले. जन्मभर गल्ली डोक्यावर घेणारा माणूस जाताना चकार शब्द बोलला नाही, याचा मला अजून राग येतो.

घरात फोटो ढिगानं आहेत. फोटोनं माझं भागत नाही. माणूस मला डोळे मिटले तरी दिसतो. पण आवाज आठवायला गेलं की हातातून निसटतो. शब्द आठवतात, आवाज येत नाही. पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ शोधून काढला. त्यात हे आचाऱ्याला काहीतरी सुनावतायत, हात नाचवतायत, आणि व्हिडिओवाल्यानं वरून सिनेमाचं गाणं टाकून ठेवलंय. यांचा स्वतःचा फोन बटणांचा. मुलगी चांगला घेऊन देत होती, तर म्हणाले, "ह्यात बोल्लेलं ऐकू येतं का न्हाई? मंग बास की."

मला त्यांचा आवाज एकदा ऐकायचा होता. देवाकडे दुसरं मागणं उरलं नव्हतं. आणि तो आवाज जगात एकाच ठिकाणी होता, एका सिनेमात.

हे जायच्या आधीच्या हिवाळ्यात नतालिया नावाची मुलगी आमच्या बागेत आली होती. इक्वेडोर देशाची. तिकडेही केळीच केळी म्हणे. पुण्यात सिनेमा शिकली आणि पहिला सिनेमा करायला बाग शोधत शोधत अर्धापूरला पोचली. सोबत दुभाष्या म्हणून प्रीतम नावाचा देगलूरचा पोरगा. देगलूरचा म्हणजे मराठी, तेलुगू, कानडी घरातूनच घेऊन आलेला, वर हैदराबादला तिची भाषाही शिकलेला. शहरातून बागेत परत आलेली मुलगी आणि तिचा बाप, एवढीच सिनेमाची गोष्ट. बापाच्या कामाला तिला नट नको होता. केळी उतरवणाऱ्या माणसांशी हुज्जत घालणारे हे तिला दिसले आणि तिनं यांनाच पकडलं.

"मला पाठबिठ करायचं जमणार न्हाई," यांनी आधीच सांगून टाकलं. "तुमी मशीन चालू करा, म्या माझंच बोलतो." प्रीतमनं ते तिला सांगितलं. ती इतकी हसली की यांना आपण मोठे नट झालो असं वाटलं. ती मंडळी परत गेल्यावर हे येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "पिच्चर येणार हाय आपला." चहावाला सोडा, एसटीचे कंडक्टरही विचारायला लागले, कधी येणार म्हणून. सिनेमा आला, पण बघायला हे राहिले नाहीत.

आमची गीतांजली लातूरला असते. तिचा फोन आला. "आई, लातूरला फेस्टिवल आहे. देशोदेशीच्या नव्या दिग्दर्शकांचे पहिले सिनेमे. नतालियाचा पण आहे. बाबांचा, आई." मी पुढचं ऐकलंच नाही. लातूरची गाडी अहमदपूरला चहाला थांबली तेव्हा सगळे उतरले, मी उतरले नाही. उतरले आणि गाडी सुटली तर, ही भीती. हसू नका. एरवी मी कशाला भीत नाही.

एका कॉलेजच्या सभागृहात सगळा थाट होता. गळ्यात फितीचे पास, दारात रांगोळी. डॉक्टर व्हायला लातुरात आलेली पोरं क्लास बुडवून बसली होती. आधी जॉर्जिया देशातला एक सिनेमा झाला. त्यात बर्फ फार आणि बोलणं कमी. चांगला होता, पण मला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. मी कानात प्राण आणून पुढच्याची वाट बघत होते.

मग आमची बाग दिसली. आणि बागेतून हे आले.

पांढरा पायजमा, खांद्यावर टॉवेल, डावा पाय किंचित ओढत. गीतांजलीनं माझा हात धरला. यांनी केळीचं वाळलेलं पान बाजूला केलं, तोंड उघडलं आणि आवाज आला, "बाळ, अंधार पडण्यापूर्वी घरी परत ये."

मला वाटलं, मशीन बिघडलं. इतका गुळगुळीत आवाज! रेडिओवर बातम्या सांगतात ना, तसा. यांनी उभ्या जन्मात कुणाला 'बाळ' म्हटलं नव्हतं. पोरीला 'माय' म्हणायचे, "ये गं माय." पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तोच आवाज. तोंड त्यांचं, हात त्यांचे, मानेवरची शीर ताणली गेलेली, म्हणजे हे जीव खाऊन ओरडतायत, आणि बाहेर येतंय काय, तर कुणा भलत्याचंच मऊसूत बोलणं.

"आई, डब केलंय गं," गीतांजली कानात म्हणाली.  "मुंबईच्या कुणाचा तरी आवाज आहे."

जिवंतपणी या माणसाच्या तोंडातला शब्द काढून घ्यायची कुणाची टाप नव्हती. मेल्यावर काढून घेतला. मी अंधारात बसून रडले, आणि दुःखापेक्षा संतापानं जास्त रडले.

शेवटाकडे एक प्रसंग आला. हे बागेच्या कडेला सावलीत उभे, कॅमेऱ्याच्या पलीकडे कुणाकडे तरी बघतायत. सिनेमात ते लेकीकडे बघतायत. चेहरा असा उजळतो, आणि मुंबईचा आवाज म्हणतो, "माझं जे काही आहे ते तुझंच आहे." मग हात हलवतात.

मी ताठ बसले. तिथे लेकबिक कुणी नव्हती. तिथे मी होते! त्या दिवशी मी यांचा डबा घेऊन गेले होते. बागेत आत अंधारतं म्हणून सिनेमावाल्यांनी दिवे लावले होते आणि दिव्यांसाठी जनरेटर. त्याची धडधड अशी की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. मी बांधावर थांबले. यांनी मला पाहिलं आणि काम सोडून माझ्याकडे बघून काहीतरी ओरडले. मी हातानंच विचारलं, काय? यांनी हात हलवला. प्रीतमनं तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. डबा तिथेच ठेवून मी शाळेत निघून गेले. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "काय की बाई. आता काय ध्यानात ऱ्हातंय?"

म्हणजे या पडद्यावर हे माझ्याशी बोलत होते. काय बोलत होते, ते सोडून सगळं दिसत होतं.

सिनेमा संपला, टाळ्या पडल्या. नतालिया मंचावर आली, प्रीतम शेजारी उभा राहिला. प्रश्नोत्तरं सुरू झाली. एका मुलानं प्रकाशयोजनेबद्दल विचारलं, एकानं प्रेरणेबद्दल. मी उठले. निवेदक मुलगी म्हणाली, "मावशी, प्रश्न थोडक्यात विचारा हं."

"थोडक्यातच हाय," मी म्हणाले. शाळेत सगळी वर्षं मी शुद्ध बोलले, पण राग आला की माझी भाषा घरी जाते. "आमच्या मालकाचा आवाज कुठं टाकला तुमी?"

प्रीतमनं मला ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला. नतालियाला कळायला वेळ लागला. मग ती माझ्याकडे बघून आनंदानं हसायला लागली, हात हलवायला लागली. प्रीतममार्फत म्हणाली, जनरेटरमुळे तो आवाज वापरण्यासारखा नव्हता, म्हणून बागेतलं काम संपल्यावर लगेच मुंबईत एका चांगल्या कलाकाराकडून करून घेतला. तिला मराठी येत नाही, तिला तो आवाज प्रेमळ वाटला.

"अन् ह्यांला कामून नाही बोलावलं? हे तवा चांगले धडधाकट होते. मुंबईला काय, चालत आले असते!"

प्रीतम खाली बघत म्हणाला, "स्टुडिओवाले म्हणाले, एवढ्याशा कामाला तिथून माणूस कशाला आणायचा."

नतालियानं मधेच त्याला काहीतरी विचारलं. त्यानं मला विचारलं, "मावशी, ती म्हणतेय, काका कुठायत? त्यांना बरोबर का नाही आणलं?"

"ते न्हाईत आता," मी म्हणाले.

प्रीतमला ते तिच्या भाषेत सांगावं लागलंच नाही. ती मंचावरून उतरली, पोरांच्या रांगेतून वाट काढत माझ्यापाशी आली आणि माझे दोन्ही हात धरून उभी राहिली. माझा राग तिथेच अर्धा झाला. पोरगीच ती, माझ्या गीतांजलीपेक्षा लहान. हात गार पडले होते बिचारीचे. मी प्रीतमला म्हटलं, "हिला विचार, तो खराब झालेला आवाज फेकून दिला का ठिवलाय?"

त्याला वाटत होतं, फेकला असेल. म्हणाला, जागा पुरत नाही म्हणून बरंच पुसलंय, मावशी, आशा धरू नका. पण नतालियाजवळ लॅपटॉपला जोडायची एक डबी होती. पहिल्या सिनेमाचं सगळं त्यात भरून ती देशोदेशी फिरत होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, काचेच्या नळ्या बाजूला सारून, तिनं लॅपटॉप मांडला. एक उघडलं, त्यात नुसतीच धडधड. दुसऱ्यात तीच. गीतांजली माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मी मनातल्या मनात यांनाच दटावत होते. अहो, एरवी गप्प बसवत नव्हतं तुम्हाला. बोला की आता.

नतालिया थांबली. कानाला लावायचं ते काढून तिनं हलकेच माझ्या कानावर ठेवलं.

आधी जनरेटर आला, मग कुणीतरी खोकलं. आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या वर, जसा होता तसा, खरखरीत, रांगडा, माझा माणूस ओरडला.

"ओ बाई! उन्हात कामून थांबल्या? हितं सावलीला या की!"

मला रडू येईल असं गीतांजलीला वाटलं असावं. मला आधी हसू आलं. इतक्या लोकांसमोर, सिनेमा चालू असताना, ह्यांना माझ्या उन्हाची पडलेली.  मग प्रीतमनं स्टूल पुढे केलं आणि मी त्यावर बसले.

नतालिया काहीतरी म्हणत होती. प्रीतमनं सांगितलं, "ती म्हणतेय, ही धडधड आता मशीननं काढता येते. नुसता काकांचा आवाज स्वच्छ करून तुमच्या फोनवर देते."

"नको," मी म्हणाले. "असू दे. ती होती म्हणून तर ते एवढ्यानं ओरडले. ती काढली तर येड्यासारखे वाटतील."

तिनं पुन्हा लावलं. मी पुन्हा ऐकलं. गीतांजलीच्या कानाला लावलं, ती टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. मग मी ते तिच्याकडून परत घेतलं. मला अजून हवं होतं. किती ऐकलं तरी हवंच होतं. धडधड, खोकला, "ओ बाई!" सावलीला या की, सावलीला या की.

"आले, आले," मी म्हणाले. कान बंद असल्यामुळे मोठ्यानं म्हणाले असेन, सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघेनात का. अहो, मला ऐकूच आलं नव्हतं त्या दिवशी. ऐकू आलं असतं तर आले नसते का मी? चार पावलांवर तर होतात तुम्ही.