सोनिवलीची रिस्लिंग

बसा, मित्रांनो, माझी हकीकत उभ्याउभ्या ऐकण्याजोगी नाही. मी रिस्लिंगची वेल आहे, पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांची. माझे कूळ थंड देशांतल्या नदीकाठच्या उतारांवरचे. मी मात्र निफाडहून ओल्या गोणपाटात गुंडाळून बदलापूरजवळच्या सोनिवलीत आले आणि ठमाबाईंच्या अंगणात रुजले. या दमट उकाड्यात टिकून दाखवणे येरागबाळ्याचे काम नव्हे.

ठमाबाईंनी जन्मभर दुधी-पडवळांचे मांडव जोपासले. हिरव्या वेलीला कोयता लावायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. चार वर्षे त्यांनी मला शेणखत घातले, पण एक काडी तोडू दिली नाही. मी मांडवभर पसरले. वाटसरू थांबून पाहत. घड मात्र एकही धरला नाही.

अखेर मुलगा धर्मेश म्हणाला, "आई, होळीपर्यंत द्राक्षं दिसली नाय, तर हिला काढून गाडीला शेड टाकनार."

"टाक. मग गाडीला घड लागतात का बग," ठमाबाई म्हणाल्या. पण त्या दिवशी माझ्या खोडावरून त्यांचा हात निघेना.

ऑक्टोबरात शेजारचे मिलिंद कात्री घेऊन आले. ते अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. मला निफाडहून आणणारे तेच.

"मावशी, हिला छाटायला पाहिजे."

"मेल्या, हात मोडीन."

"मोडा. पण थंड देशात हिची पानं झडतात, ती झोपते, मग फळते. इथं थंडी कुठून आणू? कात्री हीच हिची थंडी."

ठमाबाईंनी घडांविना पसरलेल्या मांडवाकडे वर पाहिले. मग कात्री त्यांनी स्वतःच घेतली. "कुठं कापू, ते दाखव."

मोजके डोळे, म्हणजे नवे कोंब फुटायच्या जागा, ठेवून सारे हिरवे वैभव खाली आले. सून विनिता म्हणाली, "आई, टक्कलच केलंत हिचं." मी उघडी उभी राहिले, पण वाकले नाही.

होळीच्या आठ दिवस आधी मांडवाखाली सतरा घड लोंबत होते. धर्मेशने एक मणी तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"आंबट हाय."

"तू पन लहानपनी तसाच होतास. काढून टाकला का तुला?"

गाडी उन्हातच राहिली.

मित्रांनो, पाणी कोणीही घालतो. ज्याच्यावर माया करता, त्याच्या कुळाची रीत आधी जाणून घ्या. पुढच्या ऑक्टोबरात ठमाबाई धार लावलेली कात्री घेऊन एकट्याच आल्या, आणि पहिली काडी मी आपणहून पुढे केली.