नऊ कोटी चौऱ्याण्णव लाख आठशे एक्क्याण्णव

मित्रांनो, मी एक फार जुनी संख्या आहे. किती जुनी म्हणाल, तर मोजायला कोणी नव्हतं तेव्हाही मी होतेच. पण माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. पाहिलं ते एका निवृत्त गणिताच्या मास्तरांनी. घरातल्या फळ्यावर त्यांनी मला खडूने लिहिलं, ९,९४,००,८९१, आणि विचारलं, "काय गं, तू मूळ संख्या आहेस का?" म्हणजे एक आणि मी स्वतः सोडून मला कोणाचाच पूर्ण भाग जायला नको.

मग सुरू झाले भागाकार. दोन, तीन, पाच, सात करत माझ्या वर्गमुळापर्यंतच्या एकेका मूळ संख्येने ते मला भागत; तेवढं तपासलं की पुरतं. दर वेळी बाकी उरायची. फळ्याजवळच्या खाटेवर त्यांची आजारी बायको पडलेली असे.

"मोडली का हो?" ती विचारायची.

"छे! भलती खमकी आहे."

तिला हसू यायचं. इकडे माझ्या पोटात दोघं जण हलत होते. मला ते सारखे जाणवायचे. पण संख्येला तोंड कुठे असतं?

शेवटचा एकच भागाकार उरला होता, तेव्हा तिचा श्वास जड झाला. मास्तरांनी मनाशी म्हटलं, इतक्यांनी भाग गेला नाही, आता उरलेल्या एकाने काय जाणार! खडू टाकून ते तिच्याजवळ बसले. "अगं, मूळच निघाली. कोणाच्या बापाला मोडता यायची नाही." ती समाधानाने हसली आणि त्याच दिवशी गेली.

पुढे वर्षभर मास्तर त्याच खोलीत बसून राहिले. रिकाम्या खाटेशी बोलायचे, मान डोलवायचे, "हो हो, जेवतो" म्हणायचे. भेटायला आलेले लोक म्हणत, "मास्तर किती खंबीर!" आणि चहा पिऊन निघून जात. मला मात्र त्या खाटेची भीती वाटायची.

एकदा मुलगी त्यांना आपल्या घरी न्यायला आली. "तुझ्या आईला एकटीला टाकून कसा येऊ?" मास्तर म्हणाले. ती बिचारी फळ्यासमोर बसली आणि चाळा म्हणून माझ्यात नऊ मिळवून पाहिले. तिचा चेहराच उतरला. सांगावं, तर अण्णांनी आईला दिलेला शेवटचा शब्द खोटा ठरणार. न सांगावं, तर अण्णा याच खोलीत संपणार.

"अण्णा," ती शेवटी म्हणाली, "नऊ मिळवले की नऊ हजार नऊशे सत्तरचा वर्ग होतो हो."

मास्तरांना पुढचं सांगावं लागलं नाही. नऊ म्हणजे तीनचा वर्ग. म्हणजे मी दोन वर्गांची वजाबाकी, आणि तिचे दोन भाग पडतातच: ९९७० मधून तीन कमी, ९९७० मध्ये तीन जास्त. ९९६७ आणि ९९७३. माझ्या पोटातले ते दोघं. त्यातल्या पहिल्यानेच भागायचं राहिलं होतं.

मास्तर खाटेकडे वळले. "अगं, चुकलो मी. मोडली गं ती." मग तिच्या उत्तराची वाट पाहू लागले. बराच वेळ पाहिली, पण खाट रिकामीच होती.

"ताई," ते मुलीला म्हणाले, "आई गेली गं तुझी." आणि वर्षभर अडलेलं रडू एकदम फुटलं. मुलीने त्यांना कुशीत घेतलं.

मित्रांनो, आता मला कोणी मूळ म्हणत नाही. त्याचं मला दुःखही नाही. मागणं एवढंच आहे, की कोणी खंबीर दिसलं म्हणून वाहवा करून उठू नका. अजून थोडं बसा. आत कोण आहे, ते विचारा.