बोकडाचा होकार

देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मार्गासनीच्या वरच्या अंगाला, डोंगराला बिलगलेली वीस-बावीस घरांची ती वाडी. पण त्या मंगळवारी आजूबाजूच्या चार वाड्या तिथं लोटल्या होत्या. एवढी माणसं असून गलका नव्हता. कडेवरची पोरंसुद्धा गप्प होती. सगळ्यांचे कान पायाखालच्या जमिनीकडे लागले होते.

कोयनेला धरणी हलली, त्याला महिना उलटला होता. तरी अधूनमधून डोंगराच्या पोटातून गुरगुर यायची, फळीवरची भांडी वाजायची आणि माणसं हातातलं काम टाकून अंगणात धावायची. मी गुरांचा डॉक्टर. कोंबड्यांना लस टोचायला आलो होतो. खोटं कशाला बोलू, सकाळी ती गुरगुर मीही ऐकली होती आणि माझ्याही अंगावर काटा आला होता.

"वाघजाई भुकेली हाय!" सोनबा भगत केस मोकळे सोडून घुमत होता. "तीन वरसं झाली, तिला पुरणपोळी चारताय! वाघावर बसून येती माझी माय! वाघ पुरणपोळी खातुया व्हय? आता ती डोंगर कुरतडाया लागली. उद्या तुमची घरं खाईल!"

बायकांनी पोरांना पदराखाली घेतलं. जत्रेच्या बोकडाची मुंडी मानाची म्हणून दर साली भगताच्या घरी जात असे आणि तीन वर्षं ती गेली नव्हती, हे मात्र मायनं भगताच्या तोंडून वदवलं नाही.

जत्रेचा बोकड बंद केला होता बनाबाईनं. ही एकटी राहणारी म्हातारी माळकरीण. गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून तिनं मांसमच्छीला हात लावला नव्हता. "आईला लेकराचं रगत कशाला?" असं दारोदार सांगत तिनं वाडी वळवली होती. आता बळीसाठी तिचाच हरण्या इतर सहा बोकडांबरोबर देवळासमोर बांधला होता. हरण्याची आई साप चावून मेली, तेव्हा बनाबाईनं दुधात चिंधी भिजवून त्याला वाढवलं होतं.

बोकड कापण्याआधी त्याला विचारायचं, अशी तिथली जुनी रीत. अंगावर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं, तर तो 'हो' म्हणाला. नाही झाडलं, तर त्याला हात लावायचा नाही.

सोनबानं तांब्या घेतला. एकेका बोकडावर पाणी सोडत गेला. सहाही बोकड ढिम्म. मग हरण्याच्या कपाळाला भंडारा लावला, पाणी सोडलं, आणि हरण्या मुंडीपासून शेपटापर्यंत थरारला.

"कौल दिला! आईनं माणूस बी वळखलं आन् बोकड बी!"

बनाबाई मटकन खाली बसली. "माझ्यामुळं कोपली का रं आई? न्या त्याला. पर आदी ही माळ काढून ठिवते. माझ्या दावणीचं रगत सांडल्यावर ती घालायचं त्वांड न्हाई मला." तिचे हात माळेकडे गेले.

मला राहवेना. सोनबाचा डावा हात मी पाहिला होता. "भगत, एक सवाल मी टाकू का?" असं म्हणून मी तांब्या घेतला. "आई, ह्या बोकडाला सोडून द्यायचं का?" आणि पाणी सोडलं. हरण्या पुन्हा तसाच थरारला.

"सोडला! आईनं सोडला!" एकच कल्लोळ झाला. बनाबाईनं हरण्याच्या गळ्याला मिठी मारली. सोनबा एक क्षण गडबडला आणि लगेच हात जोडून ओरडला, "बगा माझ्या आईची माया!"

मी तिथंच गप्प बसू शकलो असतो. हरण्या वाचला होता, माळ गळ्यात राहिली होती. पण दावणीला अजून सहा बोकड उभे होते.

"आईनं नाही सोडला," मी म्हणालो. "कानात पाणी गेलं की कुठलंही शेरडू अंग झाडतं. भगतानं बाकीच्यांच्या पाठीवर पाणी टाकलं. हरण्याला भंडारा लावताना कान धरला आणि धार आत सोडली. मीही तेच केलं."

"डाक्टर, कोप हुईल!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"मग तुम्हीच बघा." तांब्या मी रखमाजीआबांच्या हातात दिला. देवळाचा कोयता त्यांच्याकडे होता. वाडीत त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांनी चिमाजीच्या काळ्या बोकडाच्या पाठीवर पाणी टाकलं. काही नाही. कानात टाकलं. बोकडानं अंग झाडलं. त्यांनी दुसऱ्याला तसंच केलं, मग तिसऱ्याला. सगळे 'हो' म्हणाले.

सोनबानं मोरपिसांचा कुंचा उचलला आणि शाप पुटपुटत उतरणीला लागला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. सगळे आबांकडे पाहत होते.

"चाळीस वरसं म्या हितं कोयता धरला," आबा हळू आवाजात म्हणाले. "इचारल्याबिगर एकाला बी हात लावला न्हाई, डाक्टर. येखाद्यानं न्हाई झाडलं तर परत पानी वतायचो. झाडंस्तवर वतायचो." ते थांबले. "मंग त्यातलं कुनीच व्हय म्हनलं न्हवतं?"



तेवढ्यात डोंगर पुन्हा गुरगुरला. देवळातली घंटा हलली. कुणी पळालं नाही. आबांनी सहाही बोकड एकेक करून सोडले. सोडताना प्रत्येकाच्या कानातलं पाणी धोतराच्या सोग्यानं पुसलं. बनाबाई त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

पुढं गुरगुर आपोआप थांबली. कुणाचं रक्त न सांडता थांबली. आबा मात्र मी वाडीत गेलो की दर वेळी तोच प्रश्न विचारायचे. म्हणून तुम्हाला सांगतो, देवाला आणि मुक्या जिवाला जरूर विचारा. पण हवं ते उत्तर येईपर्यंत पाणी ओतत राहणं, याला विचारणं म्हणत नाहीत.