इंग्रज बाईची कंबर

जळकोटच्या हायवेलगतच्या इंग्रजी शाळेनं यंदा स्नेहसंमेलनात इतिहास दाखवायचं ठरवलं. मागच्या वर्षी लावणी दाखवली, तर पालकांत दोन तट पडले. इतिहासावरून भांडणं होत नाहीत, अशी शाळेची समजूत होती.

नाटक एका गावातल्या मुलींच्या पहिल्या शाळेचं. शेवटी एक इंग्रज बाई येते आणि मुलींनी न भिता पुढं यावं, असं पानभर इंग्रजीत सांगते. एवढं इंग्रजी न अडखळता म्हणणारं शाळेत एकच माणूस निघालं, आठवीतली भाग्यश्री. तिचा बाप राजपाल तुळजापूर डेपोत कंडक्टर. सुटे पैसे नसले की तो प्रवाशांना ही बातमी द्यायचा.

नाटक बसवणारे शिवशंकर सर अस्सलपणाचे भोक्ते. त्यांनी इंटरनेटवरून व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुलींच्या गाऊनचा पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचा कागदी साचा, काढला. शाळेच्या प्रिंटरवर छापला, पानं जोडून पुठ्ठ्यावर डकवली आणि सिताबाई शिंपिणीकडं नेऊन दिली. सिताबाई टेप घेऊन उठली, तर म्हणाले, "माप घ्यायचं नाही. हेच माप आहे."

गाऊन झाला. भाग्यश्रीला घातला, तर पाठीमागं हुक एका बाजूला आणि त्याची कडी दुसऱ्या बाजूला, मधे चांगली वीतभर मोकळी जागा. त्या दुपारी पालकांच्या ग्रुपवर सरांचा मेसेज आला : 'कु. भाग्यश्रीची कंबर ऐतिहासिक प्रमाणाबाहेर असल्यामुळे भूमिकेचा फेरविचार सुरू आहे.' खाली कुणीतरी दोन हात जोडले होते.

राजपालनं तो तुळजापूरच्या स्टँडवर वाचला. पुढची फेरी दुसऱ्याच्या गळ्यात मारून, खाकी कपड्यांतच तो शाळेत आला. पाठोपाठ त्याची आई जाईबाई. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"बसा ना, कंडक्टरसाहेब," सर म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका. पंधरा दिवस भाकरी कमी केली तर..."

"कुणाची?" जाईबाईनं विचारलं.

"म्हणजे मुलीची."

"माज्या नातीची भाकरी त्या मेलेल्या इंग्रज बाईपायी कमी करू व्हय? ती काय उपाशी मेली हुती का?"

सरांनी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. "तेव्हाच्या मुलींची कंबर अशीच असायची. पुरावा आहे."

"सर," राजपाल आवाज न चढवता म्हणाला, आणि आवाज न चढवायला त्याला फार कष्ट पडत होते, "माझ्या पोरीचं माप तुम्ही घेतलंच न्हाय. थेट काढलंत. तेबी सगळ्या गावासमोर."

तोवर भाग्यश्री शिंपिणीकडून गाऊनबरोबर परत आलेली, टेबलावरची पॅटर्नची पानं वाचत बसली होती. सरांनी ती छापली होती, डकवली होती, फक्त वाचायची राहिली होती.

"सर, पहिल्या पानावर एक चौकोन आहे. तो बरोबर एक इंच भरला पाहिजे, मगच कापड कापा, असं लिहिलंय." तिनं कंपासपेटीतली पट्टी लावली. "पाऊणच भरतोय."

प्रिंटरनं पान कागदात मावावं म्हणून सगळंच लहान केलं होतं. राणीच्या राज्यातली पोर रुपयामागं चार आण्यांनी आक्रसली होती.

सरांनी पट्टी पुन्हा एकदा स्वतः लावून बघितली. "म्हणजे प्रिंटरचा दोष."

"मग तसं ग्रुपवर टाका," राजपाल म्हणाला.

"त्यानं संस्थेची बदनामी होते," सर म्हणाले. पोरीच्या कमरेनं ती होत नव्हती. "आणि कापड तर कापलंय. आता एकच मार्ग. अध्यक्षांची नात गौरी, चौथीतली, तिला हा गाऊन बरोबर बसतो. ती स्टेजवर ओठ हलवील. भाग्यश्री पडद्यामागून माइकवर भाषण म्हणेल. आवाजाला नाव देऊ आपण."

भाग्यश्रीनं विचारलं, "सर, मुलींनो न भिता पुढं या, हे मी पडद्यामागून म्हणू?"

"ते भाषण आहे, बाळा. ते मनावर घ्यायचं नसतं."

"मग मी म्हणत न्हाय," ती म्हणाली, आणि दप्तर उचलून आजीचा हात धरून निघाली. राजपाल मागून गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला घंटी मारायची गरज पडली नव्हती.

सरांनी गौरीला भाषण शिकवून पाहिलं. मग एका मॅडमना पडद्यामागं उभं करून पाहिलं. मॅडम तिसऱ्या वाक्याला मराठीत शिरल्या. इकडं शिक्षणाधिकाऱ्यांना इंग्रजी भाषणाचं निमंत्रण पोचलं होतं. शेवटी सरांनी चूक प्रिंटरच्या नावानं का होईना, ग्रुपवर टाकली आणि गाऊन काखेत मारून सिताबाईच्या दुकानात आले. निरोप मिळाल्यामुळं राजपाल आणि भाग्यश्री तिथं आधीच येऊन बसले होते.

"दोन्ही बगलंला जोड टाकावा लागंल," सिताबाई गाऊन उलटापालटा करत म्हणाली. "ह्या रंगाचं कापड आता न्हाय माज्याकडं. दुसरं दिसंल."

"अस्सलपणा जाईल हो," सर कळवळले.

"मग तुमी घाला."

सिताबाईनं टेप काढला आणि भाग्यश्रीच्या कमरेभोवती घेतला.

"सैल धरा, मावशी," राजपाल म्हणाला. "भाषण लांब आहे. पोरीला मधी श्वास घ्यावा लागतो."