ओल्या पायऱ्यांचा शेवट

पहिल्या वर्षी इद्रीस तीस भागांत नऊ वेळा दिसला आणि एकदाही बोलला नाही. मी मोजलं होतं. नजवा मोजत नाही, ती नुसती बघते.

मालिकेचं नाव 'ओल्या पायऱ्या'. रमजान लागला की रोज दुपारी चारला, उपासानं डोळे जड झालेले असताना, बुडालेला दीपगृहवाला इद्रीस समुद्रातून वर यायचा आणि त्याची बायको शम्सा दाराआडून त्याची पावलं ऐकायची. दार उघडलं की कुणी नाही, पायरीवर तेवढं पाणी. त्या वर्षी आमच्या इमारतीत महिनाभर कुणी जिना धुतला नाही.

दुसऱ्या वर्षी तो बोलू लागला. तिसऱ्या वर्षी त्याला एक विनोदी मेहुणा मिळाला. यंदा तो रोज येतो, शम्साच्या भाताला नावं ठेवतो, आणि कपडे खडखडीत कोरडे.

"समुद्रातून येतो ना हा? मग इस्त्री कुठे करतो?" मी म्हटलं.

"गप बस गं, नबीलची आई," नजवा म्हणाली. पण हसली नाही.

ती माझ्या समोरच्या दारात राहते. अकरा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची, तौफीकची होडी आमच्या मीना बंदराला परत लागली. तो लागला नाही. गल्लीनं आठवडाभरात ठरवून टाकलं, की माणूस सायप्रसला पळाला, तिकडे दुसरी बायको आहे. म्हणणाऱ्यांत मीही होते. दोनदा, नक्की आठवतं. नजवानं कुणालाच उत्तर दिलं नाही. पुढे ही मालिका आली, आणि तिच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी निघालं, तेही मुकं.

तिसाव्या भागाच्या दिवशी सकाळी माझी भाची फोन घेऊन आली. तिच्या फोनवर भाग आधीच येतो.

"मावशी, इद्रीस मेलेलाच नव्हता. पलीकडच्या बेटावर लग्न करून बसलाय. पायरीवर पाणी शेजारीण ओतायची."

चारला नजवा माझ्याकडे आली, नेहमीच्या खुर्चीत बसली, चपला काढून पाय वर घेतले. पडद्यातून पिवळं ऊन येत होतं आणि टीव्हीतला समुद्र भिंतीवर हलत होता. शम्सा बोटीत बसली. बेट दिसू लागलं. किनाऱ्यावर एक घर, दोरीवर वाळत घातलेला पुरुषाचा सदरा.

मी उठले आणि न्हाणीघरातला गीझर लावला.

सरकारी वीज नसते तेव्हा गल्लीतला जनरेटरवाला आम्हाला पाच अँपिअर वीज देतो. टीव्ही चालतो, पंखा चालतो. वर गीझर लावला की जिन्याखालचा खटका पडतो. इथलं शेंबडं पोरही ही चूक करत नाही. पंखा फिरत फिरत थांबला. बेट गेलं.

"गीझर लावलास?"

"आंघोळ करावी म्हटलं."

"या उकाड्यात, गरम पाण्यानं?"

मी खाली जाऊन खटका वर करायला चपला शोधू लागले, आणि त्या मला सापडत नव्हत्या.

"राहू दे," नजवा म्हणाली. "तुझी भाची फार मोठ्यानं बोलते. सकाळीच ऐकलं मी सगळं."

"मग आलीस कशाला?"

"तू मला ते बघू देतेस का, ते बघायला."

बंदरावरून वारा आला, पडदा फुगला आणि बसला.

"आता शेवट तूच सांग," ती म्हणाली. "सायप्रसचं तूच सांगायचीस ना, रंगवून?"

मी खाली बसले. खालच्या दारापासून आमच्या मजल्यापर्यंत बेचाळीस पायऱ्या आहेत. मी त्याला खालच्या दारातून आत घेतलं, खांद्यावर जाळं, केसांत मीठ, आणि एकेक पायरी वर आणू लागले. घाई केली नाही. प्रत्येक पायरीवर थोडं पाणी ठेवलं. इद्रीस म्हणायच्या जागी मी एकदा तौफीक म्हणाले, आणि तिनं सुधारलं नाही.

अडतिसाव्या पायरीवर तिला झोप लागली. मी उरलेल्या चार सांगितल्या, हळू आवाजात.