एक उरतोय

आपल्याला लांबी, रुंदी, उंची आणि घड्याळ एवढ्यावर भागतं. दाजींना दहा मिती लागतात. आणि त्या माणसाचा फळा पॅसेजच्या वळणावर अडकला.

ताईने मला करवत घेऊन धाडलं. मी सुतार. घरात न शिकलेला मीच एकटा, त्यामुळे अडलं की माझीच आठवण.

फळा बारा फुटी, खडूने गच्च भरलेला, वर ‘पुसू नये’. तासाभरात विद्यापीठाची समिती तो पलीकडच्या हॉलमध्ये बघणार होती. गणित सुटलेलं दिसलं तर दाजींचा विभाग राहणार, नाहीतर कुलूप.

“कागदावर उतरवून दाखवा की,” मी दाजींना म्हटलं.

“आमच्यात फळाच बघतात.”

“मग त्या जादा सहा मितींतून काढा. तिकडे जागा असेल.”

“त्या गुंडाळलेल्या असतात रे. इतक्या बारीक, की दिसत नाहीत.”

“मग आहेत कशावरून?”

“धरल्याशिवाय गणित जमत नाही.”

आमच्या धंद्यात याला फटीत भुसा भरणं म्हणतात.

“आणि धरल्यावर जमतं?”

दाजींचं तोंड उतरलं. फळ्याच्या मधोमध बोट टेकवून म्हणाले, “सगळं जुळतं. फक्त इथे अधिक एक उरतो. तीन वर्षं झाली, जात नाही मेला.”

ताई म्हणालीच होती, हे झोपेतही ‘एक उरतोय’ म्हणतात.

“दाजी, फळा कापावाच लागेल. तुम्ही चहा पिऊन या.”

कापला. कुठे, ते सांगायला नको. कडा रंध्याने साफ केल्या, दोन बोटं लाकूड गेलं. हॉलमध्ये नेऊन सांधा असा बसवला की नख शिरणार नाही.

समितीचे पाच जण आले. थोरल्याने चष्मा वर केला, खाली केला. “जुळलं की.” उरलेल्या चौघांच्या माना लगेच हलल्या, ‘कळलं नाही’ असं आधी कोण म्हणणार? एक तर म्हणाला, “मला वाटलंच होतं.”

दाजींनी मला कोपऱ्यात ओढलं. “तिथे एक होता.”

“गुंडाळला गेला, दाजी. इतका बारीक, की दिसत नाही.”

दाजींनी फळ्याकडे पाहिलं, मग समितीकडे. माझ्या बाहीवरचा भुसा हळूच झटकला.

“तसं धरायला हरकत नाही,” ते म्हणाले.